निकेल, सोनं आणि हनीफभाईंची इस्त्री

जगातल्या यच्चयावत वस्तूंचे चिकटणाऱ्या आणि न चिकटणाऱ्या असे दोनच वर्ग करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते मधल्या खोलीत राहायचे. इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात बोटभर लांबीचा एक चुंबक असे. कुठलीही नवी वस्तू समोर आली की आधी तिला चुंबक लागायचा आणि मग ओळख व्हायची. लिफ्टचं दार, जिन्याचा कठडा, कोपऱ्यावरच्या बकाल्यातले, म्हणजे किराणा दुकानातले, छोल्यांचे डबे, माझा नवा टिफिन, सगळं तपासून झालेलं होतं. टिफिनला चुंबक चिकटला नाही तेव्हा त्यांनी माझं अभिनंदन केलं. "चांगल्या स्टीलचा आहे. चिकटला असता तर दुकानदाराकडे परत पाठवलं असतं तुम्हाला." एकदा त्यांनी टेबलावर दोन नाणी ठेवली, एक आपल्याकडचा रुपया आणि एक दिरहम. रुपया टुणकन उडून चुंबकाला बसला. दिरहम हलला नाही. त्यांनी तीन वेळा तो प्रयोग करून दाखवला आणि गंभीरपणे म्हणाले, "बघा. रुपया चिकटतो, दिरहम चिकटत नाही. आपल्या सगळ्यांचा प्रॉब्लेम एवढाच आहे."

'आपण सगळे' म्हणजे तीन माणसं. मी एका इंग्रजी वर्तमानपत्रात मजकूर कापायच्या टेबलावर काम करत होतो. मंदी आली, जाहिराती गेल्या, जाहिरातींबरोबर पानं गेली आणि पानांबरोबर माझ्या शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्या झाल्या. माझी खुर्ची राहिली, पण दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधलं घर राहिलं नाही. बायको आणि मुलगा पुण्याला गेले, मी शारजाला आलो. मधल्या खोलीतल्या गृहस्थांची कथा जवळजवळ तीच होती. फक्त मुलाच्या जागी मुलगी, आणि ती तेव्हा सात वर्षांची. तिसरे हनीफभाई. ते मूळचे रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे, तीस वर्षं शारजात, मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. फ्लॅट त्यांच्या नावावर होता. त्यांनी कधी बायको-मुलांना इकडे आणलंच नव्हतं, त्यामुळे मंदीने त्यांच्याकडून काही नेलं नाही, असं ते म्हणायचे. त्यांची एकच चैन होती, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी ते अर्धा तास इस्त्री करायचे आणि तेवढा वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. मला ते 'पेपरवाले' म्हणत आणि मधल्या खोलीतल्या गृहस्थांना 'सायंटिस्ट'.

सायंटिस्ट प्रत्यक्षात शेजारच्या अजमानमधल्या एका कारखान्यात पोलादाच्या तुळयांवरच्या रंगाची जाडी मोजायचे. त्यासाठी हातात मावणारं एक यंत्र असतं. त्याचं टोक रंगावर टेकवलं की आतला चुंबक खालच्या पोलादापर्यंतचं अंतर ओळखतो आणि काचेवर आकडा येतो. तेजीच्या दिवसांत ते रोज चारशे ठिकाणी टोक टेकवायचे. मंदीत टॉवर जिथल्या तिथे थांबले. आमच्या बाल्कनीतून तीन दिसायचे, तिन्हींवरच्या क्रेन एकाच दिशेला तोंड करून उभ्या असत आणि महिनोन्‌महिने हलत नसत. मग तुळयाही येईनाशा झाल्या. सायंटिस्ट चाळीस ठिकाणी मोजून दुपारी मोकळे होऊ लागले. या मोकळ्या दुपारींनी त्यांना पुण्यात अर्धवट टाकून आलेल्या पीएच.डी.ची आठवण करून दिली. "दिवसा मायक्रॉन, घरी आलो की अँग्स्ट्रॉम," ते म्हणत. "दहा हजारपट बारीक. प्रमोशनच आहे हे."

विषय होता ग्राफीन. तो काय आहे हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच आम्हाला स्वयंपाकघरात सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं. हनीफभाई घावन घालत होते आणि पहिलं घावन तव्याला चिकटून फाटलं होतं. "हेच!" सायंटिस्ट ओरडले. "हेच माझं थिसिस!" पेन्सिलीच्या शिशात कार्बनचे थरावर थर असतात. त्यातला एकच, एका अणूच्या जाडीचा थर वेगळा काढला की ते ग्राफीन. एकटा, मोकळा असला तर त्यातले इलेक्ट्रॉन वजन नसल्यासारखे धावतात. सायंटिस्टनी ताटलीतल्या लबनेच्या घट्ट दह्यात बोटाने दोन शंकू टोकाला टोक लावून काढले. मोकळ्या ग्राफीनची ही खूण, दोन शंकू एका बिंदूत भेटतात. पण तेच ग्राफीन निकेलवर बसवलं तर? निकेल चुंबकीय धातू. त्याचे अणू आणि कार्बनचे अणू जवळजवळ तंतोतंत जुळतात, दोघांतलं अंतर दोन पॉइंट एक अँग्स्ट्रॉम उरतं, आणि मग त्या घावनासारखं होतं. चिकटतं. त्यांनी बोट फिरवून शंकूची टोकं पुसली. धावणं संपलं. बदल्यात निकेलचं थोडंसं चुंबकत्व अंगाला लागतं, तेवढंच. "आता गंमत बघा. दोघांच्या मधे सोन्याच्या अणूंचा एक थर सरकवायचा. ग्राफीन सुटतं! शंकू परत! पण खाली निकेल आहे याची आठवण त्याला किती राहते, हा माझा प्रश्न आहे."

हनीफभाईंनी तव्यावर तेलाचं बोट फिरवलं. दुसरं घावन अलगद सुटलं.

"मग तेल लाव ना बाबा," ते म्हणाले. "सोनं कशाला? उगाच गोल्ड सूकच्या बाजारात जाऊन बसशील."

तेव्हापासून आमच्या फ्लॅटमध्ये सगळी नाती अँग्स्ट्रॉममध्ये मोजली जाऊ लागली. दोन पॉइंट एक म्हणजे फार जवळ, स्वभाव बिघडेल इतकं. तीन पॉइंट तीन म्हणजे नुसतं वर ठेवलेलं. साध्या सोन्यावर ग्राफीन ठेवलं तर एवढं अंतर राहतं आणि फारसं काही घडत नाही. माझ्या संपादकांचं आणि माझं अंतर विचारून त्यांनी मान हलवली, "तीन पॉइंट तीन. म्हणून नोकरी टिकली." कारखान्याच्या फिलिपिनो स्टोअरकीपरचं आणि त्याच्या मैत्रिणीचं त्यांना काळजी वाटण्याइतकं कमी होतं. ग्राफीनला पदार्थविज्ञानातलं सर्वांत मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा ती बातमी माझ्याच टेबलावर आली होती. बारा ओळींची होती, जागा चार ओळींची होती, मी चार ओळी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सायंटिस्टनी पेपर माझ्यासमोर धरला. "चार? खाली सेलची जाहिरात केवढी आहे!" मी म्हटलं, जाहिरातीवर पेपर चालतो. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले, तेव्हा पहिलं वाक्य होतं, "निदान निकेलचा उल्लेख तरी."

हसण्यासारखं बरंच होतं, पण त्या थिसिसवर काय टांगलेलं आहे हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. पुण्याच्या एका कॉलेजात त्यांच्या जुन्या सरांनी जागा धरून ठेवली होती. पदवी हातात असली तर ती जागा त्यांची, आणि ती मिळाली तर घर. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती, जूनअखेर. त्यानंतर नोंदणीच रद्द. ते घरी रोज संध्याकाळी साडेसातला फोन करायचे. भिंत पातळ असल्यामुळे मला त्यांची बाजू पाठ झाली होती. "शाळा कशी होती? जेवलीस? काय होतं डब्यात? बरं. आईला दे." सगळं मिळून एक मिनिट दहा सेकंद. माझा फोन आठला असायचा. माझा मुलगा 'ओके' म्हणायचा, तेव्हा वेळ आणखी कमी लागायचा.

थिसिसचं गणित करणारा संगणक त्यांनी सुटे भाग जमवून स्वतः बांधला होता. गिरणीएवढ्या आवाजाचा आणि चुलीएवढ्या उष्णतेचा. त्याच्या खोलीत एसी लागायचाच. पण इमारत जुनी होती. तिन्ही खोल्यांतले एसी चालू असताना कुणी इस्त्री लावली की मेन स्विच पडायचा आणि संगणकाचा चालू टप्पा वाया जायचा. म्हणून करार ठरला, आम्ही दोघं कामाला गेलो की गणित चालू, परतलो की बंद. दिवसाची शिफ्ट. जानेवारीपासून मेपर्यंत निकेलचे अणू, त्यावर कार्बनचे अणू, मधे सोन्याचे अणू अशा पाच रचनांची गणितं त्या पद्धतीने झाली. पाचही पूर्ण झाली. मशीनने कुठेही चूक दाखवली नाही. सायंटिस्टनी एकशे चाळीस पानं लिहिली.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी ते आम्हाला आलेख दाखवत होते. हनीफभाई एका हातात चहा आणि खांद्यावर इस्त्रीचा शर्ट घेऊन दारात उभे होते. सायंटिस्ट सांगत होते की इलेक्ट्रॉन दोन प्रकारचे, एकाचा फिरकीचा बाण वर, दुसऱ्याचा खाली. एरवी दोघांच्या रेघा एकावर एक पडतात. पण चुंबकावर बसलं की दोघं वेगळे होतात. वरच्यांची लाल रेघ, खालच्यांची निळी.

"लाल कुठेय?" हनीफभाईंनी विचारलं.

"ही काय."

"ही तर निळी. मला एकच दिसते."

"मागे आहे. झूम केलं की दिसेल."

त्यांनी झूम केलं. मग आणखी केलं. रेघ जाड होत गेली आणि निळीच राहिली. मग त्यांनी आकडे उघडले. दोन रकाने शेजारी शेजारी होते आणि दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या घरापर्यंत सारखे होते. मग त्यांनी एकामागून एक जुन्या फाइली उघडल्या. शेवटी त्यांनी जानेवारीतली पहिली फाइल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. खरं म्हणजे जिथे ओळ असायला हवी होती तिथे बोट ठेवलं.

गणित सुरू करण्याआधी मशीनला सांगावं लागतं की हा धातू चुंबकीय आहे. आकडा बरोबर असण्याची गरज नसते. सुरुवातीला थोडंसं काहीतरी द्यायचं, पॉइंट एक दिलं तरी चालतं. पुढे मशीन आपलं आपण खऱ्या आकड्यापर्यंत पोहोचतं. पण सुरुवात शून्याने केली तर वर आणि खाली यांत फरक करायला त्याला काही कारणच सापडत नाही. ते शून्यावर बसतं, समाधानाने थांबतं आणि काम पूर्ण झाल्याचं, त्यांच्या भाषेत 'कन्व्हर्ज' झाल्याचं, कळवतं. सायंटिस्टनी जानेवारीत सरावासाठी केलेल्या नुसत्या ग्राफीनच्या फाइलची नक्कल घेतली होती आणि तिच्यात निकेलचे अणू भरले होते. नुसत्या ग्राफीनला चुंबकत्व नसतं. त्या फाइलमध्ये ती ओळ नव्हती. चार महिने त्यांनी अशा निकेलवर काम केलं होतं, ज्याला चुंबक चिकटला नसता.

मी आयुष्यभर छापण्याआधीचा आणि छापल्यानंतरचा मजकूर पाहत आलोय. मी मला सुचला तो सल्ला दिला. "एकशे चाळीस पानं तयार आहेत. चिकटतं हे खरंच आहे, सुटतं हेही खरं आहे. चुंबकाचं प्रकरण गाळा. इतक्या बारकाईने कोण बघणार आहे?"

"पेपरवाले," ते म्हणाले, "मी खिशात चुंबक घेऊन फिरतो हो." एवढंच म्हणून ते खिडकीशी जाऊन त्या तीन क्रेनकडे बघत उभे राहिले. मग कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "ती जूनमध्ये नऊची होते. मी तिला सांगितलंय, वाढदिवसाला येतो."

सहा आठवडे उरले होते. पाच रचना शक्य नव्हत्या. दोन झाल्या असत्या, नुसतं निकेल आणि मधे सोनं, पण चोवीस तास मशीन चाललं तर आणि एकदाही मेन पडला नाही तर. सायंटिस्ट ते आम्हाला सांगत नव्हते, कागदावर आकडेमोड करत होते. हनीफभाईंनी तो कागद वाचला, चहा संपवला आणि खांद्यावरचा शर्ट झटकला.

"खलास. आजपासून इस्त्री बंद. पेपरवाले, आपले दोघांचे एसी बंद."

"मे महिना आहे हनीफभाई," मी म्हटलं.

"मला कॅलेंडर वाचता येतं. गाद्या उचला, यल्ला, चला. सगळे मधल्या खोलीत. मशीनला एसी आहे तर आपल्यालाही मिळेल."

अशा रीतीने शारजाच्या उन्हाळ्यात तीन प्रौढ पुरुष पाच आठवडे एका संगणकाचे पाहुणे म्हणून राहिले. पलंगावर हनीफभाई, वयामुळे. जमिनीवर आम्ही दोघं. संगणकाच्या पंख्याचा आवाज आणि हनीफभाईंचं घोरणं यांचा सूर सारखाच होता, ते घोरायचे थांबले की मशीन बंद पडलं की काय म्हणून सायंटिस्ट दचकून उठायचे. मिक्सर बंद, म्हणून चटणी बंद. स्वयंपाक करायचा तर बनियनवर, आणि दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांनी. हनीफभाई पाच शुक्रवार चुरगळलेल्या शर्टात नमाजाला गेले. तिसऱ्या शुक्रवारी परत आल्यावर त्यांनी सांगितलं की मशिदीबाहेर एका जुन्या ओळखीच्याने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, धंदा बसला का, काही मदत हवी का. "मी म्हटलं, नाही रे, घरात निकेल चालू आहे. तो घाबरलाच." आणि ते स्वतःच इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मला वाटतं त्या फ्लॅटमध्ये त्या पाच आठवड्यांत जेवढी माणसं राहिली, तेवढी आधी कधी राहिली नव्हती. आकडा तोच होता. तीन.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन रेघा दिसल्या. लाल वर, निळी खाली. नुसत्या निकेलवर त्या ठळक वेगळ्या होत्या आणि शंकूची टोकं मोडलेली होती. सोनं मधे सरकवल्यावर शंकू परत आले, आणि तरीही दोन्ही रेघांमध्ये बारीक फट राहिली. हनीफभाईंनी चष्मा लावून खात्री करून घेतली. "आता दोन आहेत," ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी इस्त्री लावली.

थिसिस तीस तारखेला पोहोचलं. वाढदिवस अकरा तारखेला होऊन गेला होता. सायंटिस्ट ऑगस्टमध्ये गेले, सामानाच्या वजनात संगणक बसत नव्हता म्हणून तो मधल्या खोलीतच राहिला. निघताना त्यांनी खिशातला चुंबक काढून त्याच्या पत्र्याला लावला. मिठी वगैरे मारली नाही. हनीफभाईंना म्हणाले, "तेलाचं तुमचं बरोबर होतं, पण तेल अणूच्या जाडीचं मिळत नाही."

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. पदवी मिळाली होती, कॉलेजातली जागाही. मी घरचं विचारलं.

"तीन पॉइंट तीन," ते म्हणाले. "म्हणजे सगळं ठीक आहे हो. मी आहे, त्या दोघी आहेत. पण त्यांचं एक चाललेलं असतं, त्यात मी नुसता वर ठेवल्यासारखा. मुलगी मैत्रिणींशी मराठी बोलते, आईशी मराठी, माझ्याशी इंग्लिश. पाहुण्याशी बोलावं तसं. रोज विचारतो, शाळा कशी होती? 'फाइन.' डब्यात काय होतं? 'नथिंग मच.' तेच उत्तर रोज, सहाव्या दशांशापर्यंत तेच. कन्व्हर्ज झालंय."

मी म्हटलं, "सुरुवातीला तुम्ही काय देता?"

"म्हणजे?"

"तुम्ही फक्त विचारता. मी दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय. ती ओळ पुन्हा राहिलीय तुमची."

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"पण सांगायचं काय तिला?" ते म्हणाले. "मी तिथे दुसरं काही केलंच नाही."

"हनीफभाईंच्या इस्त्रीचं सांगा."

पंधरा दिवसांनी त्यांचा संदेश आला, एका ओळीचा. "काल तिने मराठीत विचारलं, मग ते हनीफकाका अजून चुरगळलेलाच शर्ट घालतात का?" खाली त्यांनी आकडाही दिला होता. दोन पॉइंट नऊ.

तो संदेश मी हनीफभाईंना वाचून दाखवला. ते कपडे इस्त्री करत होते, त्यामुळे बोलले नाहीत, फक्त इस्त्री थोडा वेळ उभी करून ठेवली. मधली खोली अजून रिकामीच होती. नवा भाडेकरू आणायचं ते दर महिन्याला म्हणत आणि आणत नसत. मी आत गेलो. संगणकावर धूळ होती आणि चुंबक होता तिथेच होता. क्रेनपैकी एक हललेली दिसली, किंवा मला तसं वाटलं. आठ वाजले होते. मी पुण्याला फोन लावला. मुलाने उचलला. 'जेवलास का' हे शब्द सवयीने तोंडापर्यंत आले होते, ते मी गाळले.

"ऐक," मी म्हटलं, "आमच्याकडे एक माणूस राहायचा. त्याच्या खिशात नेहमी एक चुंबक असायचा."

पलीकडून 'ओके' आलं नाही, आणि फोन चालू होता.